उडी नको, शेरू!



या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड पाकीट होतं. साताऱ्याहून आलेलं, आठवीतल्या एका मैत्रिणीचं. वहीची चार पानं, पाठपोट लिहिलेली. चौथ्या पानावर शाई जरा फुटली होती. ती कशानं, ते मी विचारत नाही.

हकिगत थोडक्यात अशी. तिच्या घरी शेरू नावाचा लॅब्रॅडॉर आहे. वय सहा वर्षं. महिनाभर तो मागचा उजवा पाय जरासा उचलून चालायचा. 'मुरगळला असेल, होईल बरा,' असं घरचे म्हणत होते. मग एका संध्याकाळी हिनं अंगणात चेंडू फेकला, शेरूनं झेप घेतली आणि केकाटून तिथंच बसला. पाय टेकवेचना. डॉक्टरांनी तपासलं, एक्स-रे काढला. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं. त्याला आज नऊ दिवस झालेत. आणि डॉक्टरांनी बजावलंय, निदान आठ आठवडे पळायचं नाही, उडी मारायची नाही, जिना चढायचा नाही.

आता तिचे प्रश्न तीन.

एक : माझ्या चेंडूमुळे हे झालं का?

दोन : आजोबा म्हणतात, 'कुत्र्याला कशाला हवीत असली थेरं?' त्यांना काय सांगू?

तीन : शेरू दिवसभर माझ्याकडे बघून कुंईकुंई करतो. मला बघवत नाही. पाचच मिनिटं अंगणात मोकळं सोडलं तर चालेल का?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. त्याचं उत्तर मी स्वतः चूक करून शिकलोय. ते शेवटी सांगतो. आधी पहिला.

उतारावरची मोटार

एक प्रयोग करू या. पोळपाट नको, आई रागावेल. पाटी किंवा पुठ्ठ्याची जाड वही घ्या. तिच्या एका कडेखाली दोन पुस्तकं ठेवा, म्हणजे उतार होईल. त्यावर खेळण्यातली मोटार ठेवा. घसरली ना? आता मोटारीला दोरा बांधा आणि दोऱ्याचं दुसरं टोक वरच्या कडेला धरून ठेवा. मोटार थांबली. पण दोऱ्याला हात लावून बघा, तो ताणलेला आहे.

कुत्र्याच्या गुडघ्यात नेमकं हेच असतं. मांडीचं हाड म्हणजे मोटार. ते ज्यावर टेकतं, ते नडगीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे तिरपी पाटी. आणि दोरा म्हणजे लिगामेंट. गुडघ्याच्या आत असे दोन बंध एकमेकांवरून फुलीसारखे गेलेले असतात. त्यातला पुढचा बंध मांडीच्या हाडाला मागं घसरू देत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्यालाही गुडघा आहेच की. आहे. पण आपण उभे राहतो तेव्हा पाय सरळ असतो. कुत्रा कधीही बघा, उभा असतानाही त्याचा मागचा गुडघा वाकलेलाच असतो. शिवाय त्याच्या नडगीचा उतार आपल्यापेक्षा जास्त, साधारण २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणून तो नुसता उभा असला तरी दोरा ताणलेलाच. चालला, ताण. वळला, ताण. वजन वाढलं, आणखी ताण.

कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये माणसाचा हाच बंध तुटतो तो बहुधा एका झटक्यात. बहुतेक कुत्र्यांचं तसं नसतं. त्यांचा बंध आतल्या आत महिनोन्‌महिने झिजत असतो. रहाटाचा दोर आठवा. एकेक पीळ उसवत जातो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि एक दिवस दोर तुटून घागर विहिरीत पडते. त्या दिवशी ज्यानं पाणी काढलं, त्याचा दोष असतो का?

नाही ना? मग तुझ्या चेंडूचाही नाही. शेरू महिनाभर लंगडत होता तो त्या उसवणाऱ्या दोरामुळेच. चेंडू फेकला नसता तर पायरी उतरताना तुटला असता. तेव्हा हे मनातून काढून टाक बघू.

मात्र तुम्ही बाकीच्यांनी एक लक्षात ठेवा. कुत्रा आठवडाभर लंगडला तर 'होईल बरा' म्हणून थांबू नका. डॉक्टरांना दाखवा.

आता ऑपरेशनमध्ये काय केलं ते. पत्रात लिहिलंय, 'हाड कापून धातूची पट्टी बसवली.' ऐकून भीती वाटते, पण युक्ती मोठी हुशारीची आहे. पुन्हा पाटीकडे या. दोरा तुटलाय. नवा दोरा बांधण्याऐवजी पाटीखालची पुस्तकंच काढून घेतली तर? पाटी सपाट झाली की मोटार घसरणारच नाही, दोऱ्याची गरजच संपली! डॉक्टर नडगीच्या हाडाचं वरचं टोक अर्धगोल कापतात, किंचित फिरवतात आणि उतार पाच अंशांच्या आसपास आणतात. मग पट्टी आणि स्क्रूंनी ते पक्कं करतात. अमेरिकेतले पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी ही पद्धत शोधली आणि १९९३ मध्ये तिची सविस्तर माहिती प्रसिद्ध झाली. टीपीएलओ म्हणतात तिला. दुसऱ्या एका पद्धतीत सांध्याच्या बाहेरून नायलॉनचा मजबूत दोरा बांधतात. कुठली पद्धत कुणाला, ते डॉक्टर ठरवतात.

आजोबांना माहुलीला न्या

दुसरा प्रश्न आजोबांचा. आजोबांवर रागावू नकोस हं. त्यांच्या लहानपणी गावात माणसाच्या मोडलेल्या हाडाला ऑपरेशन मिळायची मारामार होती. त्यांना नवल वाटणारच.

तू एक कर. रविवारी आजोबांना संगम माहुलीला घेऊन जा. साताऱ्यापासून अगदी जवळ, कृष्णा आणि वेण्णा जिथं भेटतात तिथं. त्या परिसरात एका कुत्र्याची समाधी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची. खंड्या नावानं त्याला ओळखतात. वाघाच्या शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला, अशी कथा आहे. असंही सांगतात, की महाराजांनी त्याला जरीचे कपडे आणि दागिने घातले, त्याच्या डोक्यावर स्वतःची पगडी ठेवली, त्याच्या नावानं जहागीर दिली आणि बसायला पालखीसुद्धा! शाहू महाराज १७४९ मध्ये गेले. म्हणजे साताऱ्यात कुत्र्याची कदर करण्याची रीत अडीचशे वर्षांहून जुनी आहे. शेरूला पालखी नको, दोन महिने दोरी पुरे. आजोबांना हे पटेल, असं मला वाटतं.

आणि जनावरांवर उपचार करायला शिकवणारं मोठं कॉलेजही तुमच्याच जिल्ह्यात आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागतं. तिथलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झालं. नाना पाटील मूळचे येडेमच्छिंद्रचे. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे, पण त्यांच्या प्रतिसरकारच्या काळात तो सगळा भाग सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. तुमच्यापैकी कुणाला जनावरांचं डॉक्टर व्हायचं असेल, तर बारावीला जीवशास्त्र हवं, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि शिक्षण साडेपाच वर्षांचं. पण आवड असली की वर्षं पटापट जातात.

सांगलीचा राजा

आता माझी गोष्ट. माझी आक्का सांगलीला राहते. तिच्याकडे राजा होता, शेरूसारखाच लॅब्रॅडॉर. वजन अडतीस किलो! दाजी त्याला 'आमचं पोतं' म्हणायचे. त्याचाही मागचा डावा गुडघा गेला आणि हेच ऑपरेशन झालं. मी तेव्हा सुट्टी काढून तिथं होतो. माझा भाचा सातवीत. आम्ही दोघांनी मिळून राजाचं हॉस्पिटल चालवलं. त्यातलं तुमच्या उपयोगी पडेल ते सांगतो. पण एक आधीच सांगून ठेवतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच खरं.

पहिलं काम, जागा. बाहेरच्या खोलीचा एक कोपरा आम्ही निवडला. दोन बाजूंना भिंत, दोन बाजूंना आडवी केलेली टेबलं. राजाला उठता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं, पण पळता येऊ नये, एवढीच जागा. आक्काच्या घरात गुळगुळीत फरशी. चार पायांच्या जनावराला ती बर्फासारखी. म्हणून कोपऱ्यापासून दारापर्यंत गोणपाट आणि सतरंज्या अंथरल्या. सतरंजी घसरू नये म्हणून तिच्या कडा जड सामानाखाली दाबल्या.

दुसरं, झोळी. पहिले काही दिवस राजाला उभं राहताना आधार लागायचा. मोठा टॉवेल त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या जरा पुढून घालायचा आणि दोन्ही टोकं वर धरून थोडं वजन आपण पेलायचं. उचलायचं नाही, फक्त आधार द्यायचा. नर कुत्रा असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर दाबला जात नाही ना, तेवढं बघा. नाहीतर बिचारा बाहेर जाऊन तसाच परत येतो आणि आपण त्यालाच रागावतो.

तिसरं, नरसाळं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर घालतात ना, तिला भाचा नरसाळं म्हणायचा. राजा ते घेऊन दारावर आपटायचा, पाण्याची वाटी पालथी करायचा. सगळ्यांना दया यायची. पण दया येऊन काढलं, की दहा मिनिटांत कुत्रा दातांनी टाका उसवतो. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात, तोवर नरसाळं राहू द्या. पाण्याची वाटी पाटावर ठेवा, म्हणजे पिताना ते जमिनीला अडत नाही.

चौथं, शेक. पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा. बर्फ पिशवीत, पिशवी फडक्यात, आणि ते सुजेवर दहा-पंधरा मिनिटं. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं तरच कोमट शेक. आधी आपल्या हातावर ठेवून बघायचं.

पाचवं, रोजची नोंद. भाच्यानं एक वही केली होती. सकाळ-संध्याकाळ टाके बघून लिहायचा. लाल आहेत? सूज वाढली? पाणी येतंय? वास? पाय टेकवला? किती खाल्लं? सहाव्या दिवशीच्या पानावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आज बोटं टेकवली!!!' त्या दिवशी दाजींनी घरात सगळ्यांना आइस्क्रीम आणलं होतं. राजा सोडून.

हो, राजा सोडून. कारण सहावं काम खाण्याचं. पळणं बंद, म्हणजे खाणंही थोडं कमी. नाहीतर वजन वाढतं आणि सगळा भार पुन्हा गुडघ्यावर. नेमके याच दिवसांत घरात सगळे लाड करतात. साताऱ्यात कंदी पेढे, सांगलीत बेदाणे! पेढ्यानं वजन वाढेल, पण बेदाण्यानं त्याहून वाईट होईल. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तासगावचा बेदाणा कितीही गोड असला तरी राजाला एकही नाही. भडंगही नाही. त्यात लसूण असतो, वर आपण कांदा घालतो. दोन्ही कुत्र्याला बाधतात.

आणि हळद! सांगलीचं घर म्हटल्यावर हळद आलीच. आजीबाई वाटी घेऊन तयार होत्या. 'जखमेवर दाबली की भरून येते,' म्हणाल्या. आम्ही हात जोडून त्यांना थांबवलं. टाक्यांवर हळद, तेल, पावडर, काही म्हणजे काही लावायचं नाही. जखम कोरडी आणि स्वच्छ, बस्स.

सातवं, मन. पायाला विश्रांती मिळाली तरी डोकं रिकामं कसं बसणार? कंटाळलेला कुत्रा भुंकतो, टेबल ढकलतो. आम्ही त्याला नाकाचे खेळ दिले. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीखाली त्याच्याच जेवणातला एक घास. कुठं आहे, ओळख! जुन्या टॉवेलच्या घडीत चार दाणे लपवायचे, त्यानं पडल्या पडल्या शोधायचे. दहा मिनिटं नाक चालवलं की राजा दमून झोपायचा. भाचा त्याच्याशेजारी बसून इतिहासाचं पाठांतर करायचा. राजाला प्रतापगडची लढाई पाठ झाली असणार, अशी मला खात्री आहे.

आठवं, फिरणं. पहिल्या दिवसांत फक्त शी-शूपुरतं, पाच मिनिटं, दोरी बांधून. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी दर आठवड्याला थोडी थोडी मिनिटं वाढवायला सांगितली. पण चाल अगदी सावकाश, वरातीतल्यासारखी. याचं कारण ऐका. भराभर चालताना कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर निघून जातो. हळू चालला तर चौथा पाय टेकवावाच लागतो.

आता तिसरा प्रश्न

पाचवा आठवडा होता. टाके केव्हाच निघाले होते. केस परत उगवत होते. राजा चारी पायांवर नीट चालायचा, दारात आलो की शेपटीनं टेबल बडवायचा. भाचा म्हणाला, 'मामा, सोडू या ना थोडं. बघ कसा बघतोय.'

मी मोठा होतो. मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मलाही वाटलं, पाचच मिनिटं. अंगणाचं फाटक लावलेलं आहेच. मी गळ्यातली दोरी सोडली.

तो आधी नुसता उभा राहिला, विश्वास न बसल्यासारखा. मग कुंपणावर मांजर दिसलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. तीन उड्या, एक झेप, आणि तोच आवाज, जो तुझ्या पत्रात आहे. राजा कुंपणापाशी पाय वर धरून उभा. भाच्याचा चेहरा पांढराफटक. आक्का बाहेर आली, तिनं मोकळी दोरी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्दही बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी राजाच्या कोपऱ्यात बसून होतो. सकाळी एक्स-रे झाला. नशीब चांगलं, पट्टी आणि स्क्रू जागेवर होते. पण गुडघा सुजला होता. पुन्हा सूज उतरेपर्यंत फिरणं बंद, आणि एकूण मुक्काम दोन आठवड्यांनी वाढला. माझ्या पाच मिनिटांची किंमत राजानं चौदा दिवसांनी भरली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला जुना एक्स-रे दाखवला, जिथं हाड कापलं होतं ती रेघ. नवा दाखवला. रेघ पुसट झाली होती, पण होती. ती पूर्ण भरायला साधारण आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. तोवर पट्टीच सगळं तोलून धरते. पण दुखणं? ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच बरंच थांबतं. कुत्र्याला वाटतं, मी बरा झालो. आपल्यालाही वाटतं. फक्त हाडाला तसं वाटत नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यापेक्षा चौथा, पाचवा, सहावा आठवडा जास्त जपायचा.

तर मैत्रिणी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. अंगणातसुद्धा नाही. दोरी सुटणार ती डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'सोडा' म्हटल्यावर.

शेरू तुझ्याकडे बघतो ना, तेव्हा त्याला एवढंच कळतं की तू त्याला अडवते आहेस. का, ते त्याला कधीच कळणार नाही. ते समजून घ्यायचं काम तुझं. लाड करणं सोपं असतं गं. ज्याच्यावर आपली माया आहे, त्याला 'नाही' म्हणून त्याच्याच शेजारी बसून राहणं अवघड. तू नऊ दिवस ते केलंस. म्हणजे पुढचंही करशील.

राजाचं काय झालं? साडेतीन महिन्यांनी तो भाच्याबरोबर कृष्णेच्या घाटावर चालत गेला. पायऱ्या एकेक करून उतरला, पाण्याला नाक लावलं आणि शिंकला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला. सोफ्यावर उडी मारायची मात्र त्याला शेवटपर्यंत बंदी होती. आम्ही नसताना तो मारायचा, हे उशीवरच्या केसांवरून कळायचं.

आई-बाबांसाठी चार ओळी

• आपल्या घरातली दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं त्याच्या जिवावर बेतू शकतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच मापात, सांगितल्याप्रमाणे द्या. उलट्या किंवा काळी शी झाली तर थांबवून लगेच फोन करा.

• टेकत असलेला पाय एकाएकी टेकेनासा झाला, सूज वाढली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, कुत्रा जेवेनासा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

• एका गुडघ्याचा बंध गेलेल्या जवळजवळ निम्म्या कुत्र्यांचा दुसराही पुढं जातो. वजन आटोक्यात ठेवणं हाच आपल्या हातातला मोठा उपाय.

• ऑपरेशनचा खर्च सगळ्यांना झेपतो असं नाही, त्यात लाज काही नाही. डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. लहान चणीची कुत्री कधी कधी विश्रांती, औषधं आणि वजन कमी करणं यांवरही सावरतात. मोठ्या कुत्र्यांना बहुधा ऑपरेशनच उपयोगी पडतं.

चला तर. शेरूच्या वहीत पहिल्यांदा 'बोटं टेकवली!!!' असं लिहिशील, त्या दिवशी मला पत्र टाक. आणि बाकीच्यांनो, तुमच्या घरच्या मोत्या, टॉमी, वाघ्याला माझ्याकडून कानामागं खाजवा.

पुढच्या आठवड्यात भेटूच!